घाटातला सेक्शन कसा मोजायचा: डेक्कन ट्रॅपमध्ये पहिल्यांदा फील्डला जाणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला भूशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला सह्याद्रीतला कुठलाही घाट दाखवा, त्याला पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच काळा दगड दिसतो. हा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि त्याचा हा सगळा प्रदेश म्हणजे डेक्कन ट्रॅप. प्रत्यक्षात तिथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्हाचे प्रवाह, म्हणजे फ्लो, थराथराने बसलेले असतात. डिझर्टेशनसाठी सेक्शन, म्हणजे डोंगराचा उभा छेद, मोजायचा म्हणजे मुख्यतः एकच काम करायचं: एक फ्लो कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला ती रेघ शोधायची. उंची, नमुने, थिन सेक्शन (मायक्रोस्कोपखाली बघायचा दगडाचा पातळ काप), रासायनिक विश्लेषण हे सगळं त्या रेघेवर उभं असतं. ती चुकली, तर पुढचं काम कितीही नेटकं केलं तरी वाया जातं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा तिलाच दिली आहे.

निघण्याआधी

फील्डसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. पावसाने नाल्यांतले कातळ धुऊन निघालेले असतात आणि डिसेंबरपर्यंत गवतही वाळून बसतं. पावसाळ्यात घाटात हातोडी घेऊन जाऊ नये. दरडीचा धोका आहेच, शिवाय ओल्या शेवाळलेल्या कातळावर काहीच नीट दिसत नाही.

सर्वे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट घ्या. तिच्यावरच्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. म्हणजे ८-१० मीटर जाडीचा फ्लो दोन रेषांच्या मधे कुठेतरी गडप होतो. आपला भाग १:१०,००० पर्यंत मोठा करून छापून घ्या. नकाशा मोठा केला म्हणून त्याची अचूकता वाढत नाही, फक्त पेन्सिलीने लिहायला जागा मिळते.

मग उपग्रहचित्रावर डोंगराच्या पायऱ्या शोधा. ट्रॅप हा शब्दच ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. उभा कडा बहुतेक वेळा फ्लोच्या भरीव गाभ्याचा असतो आणि सपाट टप्पा त्याच्या सच्छिद्र, लवकर झिजणाऱ्या माथ्याचा. प्रत्येक टप्प्याच्या वरच्या कडेला, पुढच्या कड्याच्या पायथ्याशी, पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. या रेघा म्हणजे अंदाज. फील्डमध्ये त्यांतल्या काही खोडाव्या लागतील, काही नव्याने घालाव्या लागतील.

रस्त्याची कड घ्यायची की नाला? रस्त्याच्या कापात ताजा दगड मिळतो, पण हल्ली बऱ्याच घाटांत त्यावर जाळी किंवा सिमेंटचा फवारा मारलेला असतो आणि वाहनांमुळे उभं राहणंही अवघड होतं. नाल्यात कातळ सलग दिसतो, मात्र चढ जास्त आणि मधेच धबधब्याचा कडा आडवा येतो. शक्य असेल तर नाला मुख्य ठेवा आणि जिथे तो झाकला गेला असेल तिथे रस्त्याच्या कापाची जोड द्या.

परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन वनविभागाकडे जावं लागतं. संरक्षित किल्ल्यांवर आणि लेण्यांत हातोडी चालवायची नाही, मग दगड कितीही चांगला असो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे स्तंभ, निघोजचे रांजणखळगे, लोणारच्या विवराचा काठ अशा जागी फक्त बघायचं, मोजायचं आणि फोटो काढायचे.

सामान

भूशास्त्राची पोलादी हातोडी, ८०० ग्रॅम ते १ किलोची. गवंड्याची हातोडी नको, तिच्या तोंडाचे कपचे उडून डोळ्यात जातात. छिन्नी, गॉगल, १०एक्स हँड लेन्स, ब्रंटन किंवा क्लिनोमीटर (उतार मोजणारा) कंपास, ३० मीटरची टेप, पुठ्ठ्याच्या कडक बांधणीची वही, एचबी आणि २एच पेन्सिली, पर्मनंट मार्कर, जाड कापडी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, एक पोलादी खिळा आणि ड्रॉपरच्या बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड. लेन्स गळ्यात दोरीने बांधा. ती डोळ्याला अगदी टेकवायची आणि दगड हळूहळू जवळ आणायचा. लेन्स दगडावर धरून लांबून वाकून बघितलं तर काही दिसत नाही, आणि पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे तेच करतात.

पाणी, टोपी, प्रथमोपचार पेटी सांगायला नको. पण कड्यांवरच्या आग्या मोहोळांबद्दल सांगायलाच हवं. पोळं दिसलं की त्या बाजूला हातोडी मारू नका, धूर करू नका, अत्तर किंवा स्प्रे लावून जाऊ नका. तेवढा भाग वहीत ‘पाहिला नाही’ असं लिहून पुढे निघा.

रेघ शोधणं

चढाई खालून वर करा, कारण फ्लो त्याच क्रमाने आले. आधी एका साध्या पाहोइहो (गुळगुळीत पृष्ठभागाच्या लाव्हाच्या) फ्लोची रचना डोळ्यांत बसवून घ्या. तळाशी काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटरची काचेसारखी, बारीक कणांची कड असते. तिच्या लगेच वर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात, पांढऱ्या झिओलाइटने (पोकळ्यांत नंतर बनलेल्या खनिजाने) भरलेल्या किंवा रिकाम्या. त्यांना पाइप व्हेसिकल म्हणतात. नळ्या एका बाजूला वाकलेल्या असतील तर लाव्हा त्या बाजूला सरकत होता. असे वाक एकाच ठिकाणी न मोजता किमान १५-२० मोजा, कारण एकेक लोब, म्हणजे लाव्हाचा जिभेसारखा फाटा, आपल्या मनाने वळतो. नळ्यांच्या वर भरीव गाभा, ज्यात भेगा असतात पण छिद्रं जवळपास नसतात. विहीर खोदणारे ज्याला काळा पाषाण म्हणतात तो हाच. गाभ्यावर पुन्हा छिद्रं सुरू होतात. वर जाल तशी ती संख्येने वाढतात आणि आकाराने लहान होत जातात. अगदी माथ्याला दगड तांबूस पडलेला असतो, कधी दोरखंडासारख्या वळ्या दिसतात.

आता वरच्या फ्लोची काचेसारखी कड खालच्या फ्लोच्या या तांबूस, बारीक छिद्रांच्या माथ्यावर कुठे टेकली आहे ते बघा. ती रेघ. ती सरळ नसते, गादीसारखी वरखाली होते.

नवख्यांची पहिली चूक म्हणजे प्रत्येक लोबला फ्लो मोजणं. पाहोइहो लाव्हा लहान लहान लोबांनी पुढे सरकतो. अर्धा मीटर ते काही मीटर जाडीचे लोब एकमेकांवर चढतात आणि प्रत्येकाला स्वतःची कड, गाभा आणि माथा असतो. असे शेकडो लोब मिळून एक संयुक्त फ्लो होतो. तुमच्या लॉगमध्ये, म्हणजे थरांच्या उभ्या आलेखात, १०० मीटरमध्ये ४० फ्लो आले असतील, तर तुम्ही लोब मोजले आहेत असं समजा. दोन लोबांची सीमा ५-१० मीटरवर आडवी चालून गेलं की संपते, शेजारच्या लोबाखाली नाहीशी होते. फ्लोची सीमा सलग जाते. म्हणून वर चढायची घाई करू नका. प्रत्येक रेघ आडवी जितकी चालता येईल तितकी चाला, निदान ५० मीटर. शिवाय रेघेच्या दोन्ही बाजूंच्या गाभ्यांतले स्फटिक लेन्सखाली ताडून बघा. खालच्यात प्लॅजिओक्लेजचे (फेल्डस्पार गटातल्या खनिजाचे) पांढरे, चमकदार चपटे स्फटिक आहेत आणि वरच्यात एकही नाही, तर पुरावा भक्कम झाला.

दुसरी चूक बोलबाबत होते. दोन फ्लोंच्या मधे पुष्कळदा तांबडा मातकट थर असतो, त्याला बोल किंवा रेड बोल म्हणतात. एक फ्लो थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात बहुतेक ठिकाणी हा थर झिजेतून आणि मातीतून बनला, वरून गरम लाव्हाने भाजला. तो दिसला की रेघ सापडली असं वाटतं, पण फ्लोचा तांबूस माथाही लांबून तसाच दिसतो. खिळ्याने खरवडून बघा. बोल कुसकरतो, ओल्या बोटाला चिकटतो. फ्लोच्या माथ्यावर खिळा अडखळतो आणि झिओलाइटने भरलेली छिद्रं दिसतात. आणि बोल नाही म्हणून सीमा नाही असंही नाही, कित्येक फ्लो एकमेकांवर थेट बसलेले आहेत. हिरवट बोलही भेटतात. त्यांचा रंग तसाच लिहा.

वरच्या फॉर्मेशनांकडे, म्हणजे एका नावाखाली मोडणाऱ्या फ्लोंच्या वरच्या गटांकडे, गेलात की जाड, एकसंध फ्लो जास्त भेटतील. त्यांचा माथा तुटक्या, छिद्राळ तुकड्यांच्या ढिगासारखा असतो. त्याला कोणी ज्वालामुखीची राख म्हणतं, कोणी दरडीचा राडारोडा. तुकडे नीट पाहिले तर ते खालच्याच दगडाचे असतात आणि खाली गाभ्यापर्यंत हळूहळू विरळ होत जातात. तळ गुळगुळीत असेल तर रबली पाहोइहो, तळालाही तुकड्यांचा थर असेल तर आ-आ प्रकारचा फ्लो.

आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे डाइक, भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत. तो बाकीच्या थरांना छेदून उभा जातो, दोन्ही कडांना काचेसारखा असतो आणि त्याचे स्तंभ आडवे पडलेले असतात. अरुंद नाल्यात फक्त एकच बाजू दिसली तर तो जाड फ्लो वाटतो.

उंची आणि उतार

रेघेची उंची मोबाइलवर बघून लिहून टाकणं हा सगळ्यात मोठा गोंधळ. जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते, आणि घाटात कड्याने अर्धं आकाश झाकलेलं असतं. त्यात काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची देतात. पश्चिम महाराष्ट्रात या दोहोंत ६० मीटरांहून जास्त फरक पडतो आणि ॲपचा आकडा तेवढा कमी येतो. वर्गातल्या एकाचं ॲप एका पद्धतीचं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या पद्धतीचं असेल तर दोघांचे लॉग कधीच जुळणार नाहीत. निघण्याआधी टोपोशीटवर उंची छापलेल्या एका ठिकाणी सगळ्यांची ॲप ताडून घ्या.

दाबावर चालणारा अल्टिमीटर लहान फरकांसाठी चांगला, पण हवेचा दाब रोज सकाळी १० च्या सुमारास चढतो आणि दुपारी ४ च्या सुमारास उतरतो. एवढ्यानेच एका जागी बसलेला अल्टिमीटर संध्याकाळपर्यंत २५-३० मीटर जास्त उंची दाखवू शकतो. म्हणून सकाळी माहीत असलेल्या उंचीवर तो लावा, प्रत्येक आकड्याशेजारी वेळ लिहा, परतताना त्याच जागी पुन्हा वाचा आणि फरक वेळेच्या प्रमाणात वाटून द्या.

फ्लोची जाडी मात्र डोळ्याच्या पातळीने मोजा. बूट घालून जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची टेपने घ्या, समजा १.५५ मीटर आली. क्लिनोमीटर शून्यावर धरून समोरच्या चढावर नजर जिथे टेकते तो दगड हेरा, तिथे जाऊन उभं राहा. तुम्ही १.५५ मीटर चढलात. पुन्हा तेच. जोडीदाराला मोजणी ठेवायला सांगा, मोजताना बोलू नका. ही जुनी पद्धत नाल्यात जीपीएसपेक्षा कितीतरी भरवशाची ठरते.

फ्लोच्या पृष्ठभागावर क्लिनोमीटर टेकवून उतार मोजायचा मोह टाळा. लोबांच्या उंचसखलपणामुळे ५, ८, १५ अंश असे आकडे येतात. सह्याद्रीत प्रवाहांचा प्रादेशिक उतार साधारण १ अंशाच्या आत असतो. १ अंश म्हणजे किलोमीटरला सुमारे १७ मीटर. हा उतार एकाच रेघेच्या तीन लांबलांबच्या ठिकाणांच्या उंचीवरूनच काढता येतो.

कंपासवरही आंधळा विश्वास नको. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि वीज पडलेल्या उघड्या कातळावर सुई बरीच भरकटते. दिशा घेतली की दुसऱ्या टोकाला जाऊन उलट दिशा घ्या. फरक १८० अंश नसेल तर कातळापासून दोन मीटर दूर उभे राहून पुन्हा वाचा. हातोडी त्या वेळी जोडीदाराकडे.

वहीत काय लिहायचं

जे दिसलं ते डाव्या पानावर, जे वाटलं ते उजव्या पानावर. वहीतली एक नोंद अशी असावी:

‘ठिकाण ७. स. ११.२०. अल्टि. ६४२. नाल्याचा उजवा काठ. खाली: तांबूस, छिद्रं २-५ मि.मी., पांढऱ्या खनिजाने भरलेली, ॲसिडला फेस नाही, खिळ्याने ओरखडा येतो. रेघ वरखाली ४० सें.मी., आडवी ६० मी. चाललो, सलग. बोल नाही. वर: काळी बारीक कड १ सें.मी., नळ्या १०-१५ सें.मी. उंच, १८ पैकी १३ आग्नेयेकडे वाकलेल्या. फोटो २१-२४. सॅम्पल नाही.’

ॲसिडला फेस आला तर कॅल्साइट. खिळ्यालाच ओरखडा बसला तर क्वार्ट्‌झ किंवा कॅल्सेडोनी, आपली गारगोटी. दोन्ही नाही तर बहुधा झिओलाइट. त्यातला हेलँडाइट की स्टिल्बाइट हे फील्डमध्ये ठरवण्याची गरज नाही. तसंच ‘अंबेनळी फॉर्मेशन’ किंवा ‘बुशे फॉर्मेशन’ असं डाव्या पानावर कधीही लिहू नका. सह्याद्रीतली फॉर्मेशनं मुख्यतः रसायनावरून ठरवलेली आहेत, दगडाच्या तोंडावर ती लिहिलेली नसतात. अपवाद जाएंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्टचा. दोन-पाच सेंटिमीटरचे प्लॅजिओक्लेज असलेला हा दगड कळसूबाई उपसमूहात (खालच्या फॉर्मेशनांच्या गटात) खुणेचा थर म्हणून वापरला जातो, त्यामुळे तो दिसला तर तिथे निवांत वेळ द्या.

लॉग १ सें.मी. = ५ मीटर या प्रमाणात त्याच दिवशी संध्याकाळी काढा. झाकलेला भाग कोरा ठेवून ‘झाकलेलं’ असं लिहा. तिथे फ्लो पसरवून देऊ नका.

सॅम्पल

प्रत्येक फ्लोच्या गाभ्यातून, सीमेपासून निदान दोन मीटर आत. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या झिजलेल्या साली काढून टाका आणि आतला निळसर काळा, टणत्कार करणारा दगड घ्या. थिन सेक्शनसाठी मुठीएवढे दोन तुकडे, रसायनासाठी दीड-दोन किलो. मोठ्या स्फटिकांच्या दगडाचं त्याहून जास्त घ्यावं लागतं, नाहीतर एखादा स्फटिक जास्त आला तरी विश्लेषण बदलतं. क्रमांक दगडावर दोन ठिकाणी, पिशवीवर आणि आत चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी ओल्या दगडाला लागून विरते, म्हणून ती वेगळ्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. नाव न लिहिलेला दगड त्याच दिवशी टाकून द्या, आठवणीवर क्रमांक घालू नका.

थिन सेक्शन

डायमंड सॉवर साधारण २५ बाय ४० मि.मी. ची, ५ ते ८ मि.मी. जाडीची चकती कापा. एक बाजू कार्बोरंडमच्या २२०, ४००, ६०० आणि १००० नंबरच्या भुकटीवर क्रमाने घासा. प्रत्येक नंबरनंतर चकती, काच आणि स्वतःची बोटंसुद्धा धुवा. २२० चा एक कण १००० च्या काचेवर आला की तासाभराची मेहनत ओरखड्यांत जाते. चकती ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वाळवा. ओल राहिली तर इपॉक्सीखाली दुधाळ डाग पडतात. काचपट्टीची एक बाजू ६०० वर घासून धूसर करा, इपॉक्सीचा थेंब टाका, चकती एका कडेकडून टेकवत आणा म्हणजे बुडबुडे बाहेर जातील. २४ तास हलवू नका.

मग जास्तीचा दगड कापून अर्धा ते एक मि.मी. ठेवा, २२० वर ०.१ मि.मी. पर्यंत आणि ४०० वर ०.०५ पर्यंत आणा. शेवटचं ०.०३ मि.मी. पर्यंतचं काम हातानेच, १००० वर, आठचा आकडा काढत, दर १०-१५ फेऱ्यांनी मायक्रोस्कोपखाली बघत. बेसॉल्टच्या भरीव गाभ्यात सहसा क्वार्ट्‌झ नसतो, त्यामुळे जाडी प्लॅजिओक्लेजवरून ओळखायची. क्रॉस्ड निकॉल्समध्ये (मायक्रोस्कोपचे दोन ध्रुवक काटकोनात ठेवून) तो पिवळा दिसतो तोवर सेक्शन जाड आहे, करडा-पांढरा झाला की थांबा. एका कडेला करडा आणि दुसऱ्या कडेला पिवळा असेल तर बोटाचा दाब एकीकडे पडतोय. जाड बाजूवर बोट सरकवा. बोलच्या किंवा मातकट दगडाच्या सेक्शनला पाणी वापरू नका, त्यातली माती फुगून सगळं सुटतं. आधी दगडात पातळ इपॉक्सी मुरवा आणि घासायला केरोसीन घ्या.

सेक्शनमध्ये प्लॅजिओक्लेजच्या जुळ्या पट्ट्यांच्या काड्या, त्यांच्या मधे ऑगाइट (पायरॉक्सीन गटातलं खनिज), काळी अपारदर्शक खनिजं आणि थोडी काच दिसेल. ही काच बदलून हिरवट-तपकिरी झालेली असते. तिला ऑलिव्हिन म्हणायची चूक हमखास होते. ऑलिव्हिनला स्वतःचा आकार आणि वाकड्या भेगा असतात, काच मात्र इतर खनिजांमधली उरलेली जागा भरते. खनिजांचं प्रमाण नजरेने न लिहिता पॉइंट काउंटरवर (सेक्शन ठराविक अंतराने सरकवणाऱ्या यंत्रावर) निदान ५०० बिंदू मोजा.

रसायनासाठी दगड २०० मेशच्या चाळणीतून जाईपर्यंत दळायचा असतो. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलेल्या भुकटीत टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम मिसळतात, तेव्हा सूक्ष्म मूलद्रव्यं हवी असतील तर ॲगेटचं (अकीकाचं) भांडं मागून घ्या.

दुसरी फेरी

पहिल्या फेरीचा लॉग, थिन सेक्शन आणि रसायन भिंतीवर एका रांगेत लावा. लागून असलेले दोन फ्लो स्फटिकांत, पोतात आणि रसायनात सारखेच आले, तर त्यांच्यामधली रेघ बहुधा लोबाची असते. एकाच फ्लोच्या खालच्या आणि वरच्या सॅम्पलमध्ये फरक आला, तर मधे कुठेतरी एक रेघ सुटली आहे, बहुतेक वेळा जिथे तुम्ही ‘झाकलेलं’ लिहिलं तिथेच. अशा जागांची यादी करून जानेवारीत परत जा. या वेळी संपूर्ण घाट चढायची गरज नाही. त्या चार-पाच रेघांपाशी थांबा, दोन्ही बाजूंना चाला, आणि डाव्या पानावर नव्याने लिहा.